माझा कागद तुमच्याकडं अजून कशाला होता: खानापूर तालुक्यातल्या एका झेरॉक्स दुकानाचं प्रकरण

मे २०२५. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं एक बाजाराचं गाव, बसस्टँडसमोर पत्र्याच्या छपराखाली झेरॉक्सचं दुकान. दुपारी एक बाई रेशन कार्डाची प्रिंट घ्यायला आली होती. कार्डाचा फोटो तिने आदल्या दिवशीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवला होता. तो शोधायला दुकानातल्या पोराने डाउनलोड फोल्डर उघडला आणि पडद्यावर ओळीने चित्रं उभी राहिली: आधार, पासबुक, शेताचा उतारा, मार्कलिस्ट, कुणाचा तरी पासपोर्ट साइझ फोटो. त्यांतच दवाखान्याचा एक रिपोर्ट होता, वर नाव ठळक छापलेलं. ते नाव या बाईच्या जावेचं होतं.

रिपोर्टात काय होतं ते मी लिहिणार नाही. संध्याकाळपर्यंत ते घरात कळलं, दुसऱ्या दिवशी गल्लीत. ज्या बाईचा तो रिपोर्ट होता ती तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला आली. भांडली नाही. तिने एवढंच विचारलं, "अक्का, तीन महिने झाले की त्याला. माझा कागद तुमच्याकडं अजून कशाला होता?"

दुकान माझ्या मावसबहिणीचं. माझ्याहून बरीच मोठी. घरचे तिला अक्का म्हणतात, त्यामुळे गावही अक्काच म्हणतं. बेळगावात माझं संगणक दुरुस्तीचं काम असतं. तिने त्याच दिवशी फोन केला, "पासवर्ड का काय ते घालून दे बाबा, मला झोप लागत नाही." पुढच्या पाच-सहा महिन्यांत आम्ही त्या दुकानातलं जवळपास सगळं सॉफ्टवेअर बदललं. काय बदललं, काय जमलं नाही आणि कुठे आमचंच चुकलं, ते अक्काच्या परवानगीने इथे लिहितो आहे. गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

दुकान आणि त्याचं गिऱ्हाईक

सीमाभागात झेरॉक्सचं दुकान म्हणजे फक्त झेरॉक्सचं दुकान नसतं. लोक मराठी बोलतात, मराठी वाचतात. सरकारी अर्ज आणि पोर्टलं कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत. नाडकचेरीतला (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातला) जात-उत्पन्नाचा दाखला, सेवा सिंधू या राज्य सरकारच्या पोर्टलवरचा अर्ज, पोरांच्या शिष्यवृत्तीचं एसएसपी पोर्टल, पीकविमा, यांतलं काहीही स्वतः वाचून भरणं चाळिशीपुढच्या बहुतेकांना अवघड जातं. मग माणूस काय करतो? कागदांची पिशवी काउंटरवर ठेवतो, फोनही ठेवतो, आणि म्हणतो, "तुम्हीच बघा की." ओटीपी आला तर तोही दुकानातलं पोरगंच वाचतं.

गोपनीयतेवर मराठीत जे लिहिलं जातं त्यात मोठ्या कंपन्या आपल्यावर पाळत ठेवतात हे असतं, आणि ते खरंच आहे. पण या गावातल्या माणसाची सगळ्यात नाजूक माहिती ज्या ठिकाणी गोळा होते ते ठिकाण म्हणजे अक्काचा चौदा इंची पडद्याचा संगणक. हे माझ्याही लक्षात उशिरा आलं. मी बेळगावहून निघालो तो विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत लिनक्स सिस्टीमचा पेनड्राइव्ह खिशात घालूनच. तिला नवी सिस्टीम बसवून देतो, म्हणजे झालं, असा हिशोब होता. पहिल्या दिवशी पेनड्राइव्ह खिशातच राहिला, कारण आधी आहे त्यात काय साठलंय ते बघणं भाग होतं.

काय सापडलं

डाउनलोड फोल्डरमध्ये साडेनऊ हजारांच्या आसपास फाइली होत्या, चार वर्षांच्या. त्यांतल्या बऱ्याच ई-आधारच्या पीडीएफ. त्या फाइलीला पासवर्ड असतो हे खरं, पण तो असतो नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्माचं वर्ष. गावात कुणाचं नाव आणि साल कुणाला माहीत नसतं? शिवाय पोराने सोयीसाठी कित्येक फाइलींच्या नावातच तो पासवर्ड लिहून ठेवला होता.

ब्राउझर अक्काच्या स्वतःच्या गूगल खात्याने उघडलेला, सिंक चालू, म्हणजे त्यातली माहिती त्या खात्याच्या सगळ्या फोन-संगणकांवर जाणारी. त्यामुळे अर्ज भरताना ब्राउझरने लक्षात ठेवलेली गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर त्या खात्यात जमा होत होते. तिचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, आणि त्याच्या फोनवर आईचं तेच खातं जोडलेलं. त्याला काही टाइप करताना अनोळखी माणसांचे पत्ते सुचायचे. फोन बिघडलाय असं तो वर्षभर समजत होता.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते वेगळ्याच गोष्टीने. पोर्टलवर फोटो ५० केबीच्या आत, पीडीएफ २०० केबीच्या आत अशा अटी असतात. ती फाइल लहान करायला पोरगं इंटरनेटवर "पीडीएफ लहान करा" असं शोधायचं आणि जी पहिली साइट येईल तिच्यावर फाइल चढवायचं. कुणाची, कुठल्या देशातली, काही माहीत नाही. दोन पानं जोडायला दुसरी साइट, फोटोची पाठभूमी पांढरी करायला तिसरी, जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायला चौथी. रोज तीस-चाळीस माणसांचे आधार, दाखले, चेहरे या साइटींकडे जात होते. पोराची यात लबाडी नव्हती. मागे रांग असायची आणि काम दोन मिनिटांत व्हायचं.

वहीचं सांगायचं राहिलं. काउंटरच्या खणात दोनशे पानी वही होती. गिऱ्हाइकांचे पोर्टलचे युजर आयडी आणि पासवर्ड त्यात अक्काच्या सुंदर अक्षरात लिहिलेले.

आधी फोल्डर, मग सॉफ्टवेअर

मी म्हटलं, सगळं पुसून टाकू. अक्का म्हणाली, "तसं नको करू. लोक मागायला येतात." आणि ते खरं होतं. त्या दोन दिवसांतच तिघं येऊन गेले: "अक्का, गेल्या वर्षी माझा दाखला काढला होता, आहे काय बघा की." पावसात घर गळतं, कागद भिजतात, कुणाच्या घरी उंदीर खातात. अक्काचा संगणक हे गावाचं कपाट होतं आणि कुणी न सांगता झालं होतं. त्यामुळे ते रिकामं करणं म्हणजे लोकांची एक सोय काढून घेणं, हे आम्हांला धरूनच चालावं लागलं.

तरी आम्ही ते रिकामं केलं. त्या बाईच्या प्रश्नाला दुसरं उत्तरच नव्हतं. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ला दिला. तो खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. आधारविरुद्ध अर्ज घेऊन ते उतारवयात न्यायालयात गेले होते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही तत्त्व हेच आहे, की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसायची. अक्काला मी कायदा सांगितला तेव्हा ती म्हणाली, "कायद्याचं राहू दे. ती बाई मला विचारून गेली ते पुरे आहे."

आठवडाभर काउंटरवर पाटी लावली: आपली जुनी फाइल हवी असल्यास घेऊन जा. जे आले त्यांना फाइल त्यांच्याच फोनवर दिली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवायची कशी ते दाखवलं. ज्यांचा फोन आधारला जोडलेला होता त्यांना डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रं ठेवायचं सरकारी ऑनलाइन कपाट, उघडून दिला. उरलेलं पुसलं.

पुसलं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामं केलं तरी ती डिस्कवरून जात नाही. फक्त यादीतून नाव जातं आणि साध्या सॉफ्टवेअरने ती परत काढता येते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या डिस्कांतून मी हे रोज करतो, म्हणून खात्रीने लिहितो. जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क काढून तिच्यावर रात्रभर निरर्थक आकडे लिहीत ठेवले. संगणकात नवी एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) घातली, बेळगावच्या खडेबाजारातून आणलेली, दोन हजारांच्या आत. एसएसडीवर मात्र असं वरून लिहून पुसणं भरवशाचं नसतं, कारण ती डेटा आतल्या आत जागा बदलून ठेवते. म्हणून तिच्यावर पहिल्या दिवसापासून पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली, म्हणजे पासवर्डशिवाय त्यातलं काही वाचता येऊ नये अशी केली. सकाळी संगणक चालू करताना एक लांब पासवर्ड द्यावा लागतो. तो अक्का आणि पोरगं दोघांनाच माहीत आहे, आणि एक प्रत बंद पाकिटात तिच्या घरच्या देव्हाऱ्याखाली ठेवलेली आहे.

नवी सिस्टीम

यंत्र जुनं, चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचं, ४ जीबी रॅमचं. त्यावरचं विंडोज १० कुणीतरी पेनड्राइव्हवरून टाकून दिलेलं. विंडोज १०ला मिळणारा मोफत सुरक्षा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार होता, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा इंटेल प्रोसेसर लागतो. म्हणजे तसंही काहीतरी करावंच लागणार होतं. लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवली. ती जुन्या यंत्रावर सहज चालते आणि खालची पट्टी, मेनू हे सगळं विंडोजसारखं दिसतं, त्यामुळे पोराला दुपारपर्यंत सवय झाली.

वर्ड-एक्सेलच्या जागी मोफत लिब्रेऑफिस. इथे अडलं ते ई-स्टँप पेपरवर. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात सरकारी छपाई असते, मजकूर बरोबर खालून सुरू व्हावा लागतो. जुन्या वर्ड फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या की दोन ओळी सरकायच्या, आणि स्टँप पेपर एकदा वाया गेला की तो भुर्दंड दुकानाचा. दोन वाया गेले. मग जुन्या फाइली दुरुस्त करण्याचा नाद सोडून अक्काने प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, संमतीपत्र असे सात-आठ नमुने नव्याने टाइप केले. तेव्हापासून सरकलेलं नाही.

टाइपिंगची गोष्ट मला फार आवडली. अक्का कन्नड टाइप करते नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या कळफलकावर. के. पी. राव यांनी बसवलेली ती मांडणी, कन्नड गणक परिषदेने रुजवलेली, म्हणून तिला कगप म्हणतात. मराठीसाठी मात्र ती जुन्या फाँटची वेगळी मांडणी वापरायची, कारण दुकानात दोन भाषांचे दोन कळफलक असणार हेच तिने गृहीत धरलं होतं. लिनक्समध्ये कळफलकांच्या यादीत कन्नड कगपच्या जोडीला मराठी कगपही असतो, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. जवळपास त्याच कळा, उमटतं देवनागरी. "दुसऱ्या"मधला तो अर्धा र सापडेपर्यंत ती थोडी चिडली होती. पण आठवड्याने ती एकाच अर्जात वडिलांचं नाव कन्नडमध्ये आणि खालची टीप मराठीत, बोटं न थांबवता लिहीत होती. काही फाँटमध्ये मजकुराची भाषा "मराठी" निवडली की ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात, हेही तिनेच शोधून मला दाखवलं. या सीमेवर भाषांचं ओझं बायकाच जास्त वाहतात असं मला नेहमी वाटत आलंय. एक कळफलक कमी झाला तरी तो खरा आराम आहे.

ब्राउझर फायरफॉक्स, जाहिराती आणि माग काढणारे तुकडे अडवायला यूब्लॉक ओरिजिन, आणि ब्राउझर बंद केला की इतिहास, लॉगिन सगळं पुसलं जाईल अशी सेटिंग. कुठल्याही खात्याने सिंक नाही. एक-दोन पोर्टलं फायरफॉक्सवर नीट चालत नाहीत, त्यांच्यासाठी क्रोमियम ठेवला आहे, तोही खातं न जोडता.

आता पीडीएफच्या साइटी. त्यांची कामं आता संगणकातल्याच मोफत सॉफ्टवेअरवर: पानं जोडणं-फिरवणं पीडीएफ अरेंजरवर, फोटोची पाठभूमी गिंपवर. पीडीएफ लहान करायला घोस्टस्क्रिप्ट असतं, पण त्याची आज्ञा पोराला रांग उभी असताना टाइप करायला सांगणं शक्य नव्हतं. एक्सएफसीईच्या फाइल मॅनेजरमध्ये उजव्या क्लिकच्या मेनूत आपली आज्ञा घालता येते. तिथे "पीडीएफ लहान कर" आणि "अजून लहान कर" अशी दोन मराठी नावं घातली. पहिलं चित्रांची बारकाई १५० डीपीआयवर (इंचाला १५० ठिपके) आणतं, दुसरं ७२वर. क्लिक केलं की झालं. साइटवर चढवून उतरवण्यापेक्षा हे लवकर होतं, आणि पोराने ते पहिल्याच दिवशी उचललं ते याच कारणाने. गोपनीयतेवर मी त्याला दिलेल्या भाषणाचा त्यात फारसा वाटा नव्हता.

फाँट बदलणाऱ्या साइटींसाठी एक चाचणी सगळ्यांनी करून बघावी. पान उघडा, मग इंटरनेटची वायर काढा, आणि मग मजकूर बदलून बघा. तरीही बदलला तर काम तुमच्याच ब्राउझरमध्ये होतंय. अडकला, तर तुमचा मजकूर बाहेर जातोय. अक्का वापरायची त्या तिघींपैकी एक या चाचणीत उतरली. तिचं पान आम्ही संगणकावरच उतरवून ठेवलं.

दुकानात आणखी एक संगणक आहे, तो विंडोजवरच राहिला. आमच्याकडचं बोटाचा ठसा घेणारं उपकरण लिनक्सवर चालत नाही, आणि लग्नपत्रिकांची जुनी कामं पेजमेकर आणि श्रीलिपी या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेली आहेत. लेझर प्रिंटरलाही लिनक्सवर धड ड्रायव्हर मिळेना, तोही तिकडेच जोडून नेटवर्कवरून वापरतो. यात काही बिघडलं असं मला वाटत नाही. त्या यंत्रावर गिऱ्हाइकांच्या फाइली ठेवायच्या नाहीत, एवढा नियम पुरतो.

जुलैतला दिवस

आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली, आणि ती माझी होती. फाइली साठूच नयेत म्हणून मी ब्राउझरचा डाउनलोड फोल्डर लिनक्सच्या तात्पुरत्या जागेत नेऊन ठेवला. संगणक पुन्हा सुरू झाला की ती जागा आपोआप रिकामी होते. रात्री बंद, सकाळी कोरं. मला ही युक्ती फार नेटकी वाटली होती.

खानापूरचा जुलै कसा असतो हे मी विसरलो होतो. पीकविम्याची मुदत महिनाअखेर, दुकानात गर्दी, बाहेर धुवांधार पाऊस, कुठेतरी झाड तारांवर पडलेलं. दुपारी लाइट गेली. यूपीएसची बॅटरी वर्षभरापूर्वीच मेलेली. लाइट आली, संगणक सुरू झाला आणि सकाळपासून स्कॅन केलेले नऊ जणांचे कागद नाहीसे झालेले. जांबोटीकडच्या रानातल्या गावातून आलेले एक आजोबा कागद स्कॅन करून, "अर्ज भरा, मी पावती उद्या नेतो" म्हणून एकच्या बसने परत गेले होते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सगळी पिशवी घेऊन आले. अक्काने त्यांना चहा दिला, जायचे-यायचे पैसे दिले. त्यांनी पैसे घेतले नाहीत. "पहिल्यासारखं ठेवत चला की बाई," एवढं म्हणाले.

मुदत टळली नाही हे नशीब. त्या रात्री मी दोन फोल्डर केले. "आजचं काम" हा अक्का दुकान बंद करताना एका बटणाने रिकामा करते. ज्यांचं काम अपुरं आहे त्यांच्या फाइली ती आधी "बाकी काम"मध्ये हलवते, आणि तिथली सात दिवसांपेक्षा जुनी फाइल आपोआप पुसली जाते. सात का? दाखल्याला लागणारे दिवस, बाजाराचा आठवडा, पावसात न आलेली बस, हे सगळं धरून अक्काने आकडा सांगितला. यूपीएसला नवी बॅटरीही घातली. ती पहिल्या दिवशीच घालायला हवी होती.

जे बदललं नाही

व्हॉट्सअ‍ॅप. मी अक्काला सांगितलं की भारतीय स्पर्धा आयोगाने त्यांच्या २०२१च्या गोपनीयता धोरणावरून १८ नोव्हेंबर २०२४ला त्यांची मालक कंपनी मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला. सिग्नल या दुसऱ्या मेसेजिंग अ‍ॅपमध्ये ती भानगड नाही. दुकानाच्या फोनवर सिग्नल घातलं, काउंटरवर क्यूआर कोड चिकटवला. ऑक्टोबरपर्यंत त्यावरून कागद पाठवणारे तिघं, त्यातला एक मी. जंगलाकडच्या गावात रेंज मिळेल तिथे उभं राहून जो फोटो पाठवतो, तो नवं अ‍ॅप घालणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश वाटेत कुणाला वाचता येत नाही हे खरंच आहे, पण अक्काच्या घटनेत कागद वाटेत फुटलाच नव्हता. तो पोचल्यावर पडून राहिला. म्हणून नव्या चॅटचे संदेश २४ तासांत आपोआप जातील अशी सेटिंग केली, फोटो फोनमध्ये आपोआप साठणं बंद केलं, आणि जे दुकानात येतात त्यांचा फोन वायरने जोडून थेट फाइल घेतो. सिग्नलचा क्यूआर अजून तिथेच आहे. तो काढायला मी अक्काला नको म्हटलं.

पासवर्डची वही मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. दुकानाचे स्वतःचे पासवर्ड कीपासएक्ससी या पासवर्ड जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेले. ती फाइल संगणकातच राहते, कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर जात नाही. पण गिऱ्हाइकांचे पासवर्ड तिथे घालायला मी नकार दिला. आता पासवर्ड छापलेली चिठ्ठी गिऱ्हाइकाला देतात, रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या खिशात ठेवायला सांगतात, आणि दुकानात काही ठेवत नाहीत. लोक रागावले. चिठ्ठी हरवणारे आहेतच, मग पासवर्ड नव्याने काढायचा, ओटीपी, अर्धा तास. एक मास्तर सरळ म्हणाले, "तुमच्यावर आमचा विश्वास होता, तुमचाच आमच्यावर नाही." अक्काला ते लागलं. वही तिने चुलीत घातली तेव्हा मी तिथे होतो. बराच वेळ ती काही बोलली नाही.

आधारच्या झेरॉक्सचंही असंच आहे. २७ मे २०२२ला आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं होतं की आधारची झेरॉक्स सरसकट कुणाला देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार द्या, आणि सायबर कॅफेच्या संगणकावर ई-आधार उतरवून घेतलंच तर तिथली प्रत कायमची पुसा. त्याचा चुकीचा अर्थ निघू शकतो असं म्हणत दोनच दिवसांत ते मागे घेतलं गेलं. पण अक्काच्या दुकानात काय करावं हे त्याहून नेमकं कुणी सांगितलेलं मला माहीत नाही. मास्क केलेलं आधार छापून द्यायला आम्ही सुरुवात केली. निम्मी गिऱ्हाइकं परत आली, कारण पुढच्या काउंटरवर "पूर्ण नंबरचं आणा" म्हणतात. आता अक्का आधी विचारते, कुठे द्यायचं आहे?

पडदा

फोन आणि ओटीपी गिऱ्हाइकाच्याच हातात राहावा, हा नियम पोराने पाळायचा ठरला. पण समोरचा पडदा कन्नडमध्ये असेल तर माणूस ओटीपी कशाला देतोय हे त्याला कसं कळणार? हे सॉफ्टवेअरने सुटत नव्हतं. ब्राउझरमधलं आपोआप भाषांतर वापरलं तर पानावरचा सगळा मजकूर, त्या माणसाच्या नावगावासकट, भाषांतर करणाऱ्या कंपनीकडे जातो. म्हणून अक्काने एक मोठा कागद लिहून भिंतीवर लावला. डावीकडे अर्जात दिसतात तसे कन्नड अक्षरांतले शब्द, मध्ये त्यांचा उच्चार, उजवीकडे मराठी: हेसरु म्हणजे नाव, तंदेय हेसरु म्हणजे वडिलांचं नाव, विळास म्हणजे पत्ता, आदाय म्हणजे उत्पन्न, हुट्टिद दिनांक म्हणजे जन्मतारीख. सही, दिनांक, ग्राम हे शब्द दोन्हीकडे तेच आहेत हे बघून लोकांना गंमत वाटते. माझ्या दुकानातला एक जुना मॉनिटर नेऊन गिऱ्हाइकाच्या बाजूला तोंड करून लावला. पोरगं जे भरतं ते समोरच्याला दिसतं. भिंतीवरचा कागद आणि पडदा यांच्यामध्ये बोट फिरवत लोक आता स्वतःचा अर्ज वाचतात. उत्पन्नाचा आकडा चुकला म्हणून एका बाईने पोराला थांबवलं, तो दिवस मी विसरणार नाही.

पण त्याच मॉनिटरने जुनी अडचण परत आणली. तो पडदा मागच्या रांगेलाही दिसतो. फरशीवर पिवळी पट्टी मारली, एका वेळी एकच माणूस पट्टीच्या आत. ऊन असेल तेव्हा चालतं. पाऊस आला की बसची वाट बघणारे सगळे त्या पत्र्याखाली येतात आणि पट्टी कुणाच्या पायाखाली गेली ते कळतही नाही. मग अक्का पडदा बंद करते आणि भरलेला अर्ज खालच्या आवाजात वाचून दाखवते. मॉनिटरला कडेला पुठ्ठ्याची झडप लावून बघतोय. तिरकस बघणाऱ्याला दिसू नये अशी काळी काच-फिल्मही मिळते, पण ती समोरच्या म्हाताऱ्यांनाच अंधुक दिसते.

दिवाळीत मी गेलो तेव्हा डाउनलोड फोल्डर उघडून पाहिला. अकरा फाइली होत्या, सगळ्या त्याच दिवसाच्या. अक्काने त्या रिपोर्टवाल्या बाईबद्दल आपणहून सांगितलं. ती अजून दुकानात आलेली नाही. काही कागद काढायचा असला तर ती बेळगावला जाते. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे बायकांना बसचे पैसे पडत नाहीत, दिवस मात्र जातो. अक्का तिच्या घरी एकदा जाऊन आली, सगळं पुसलंय, आता काही ठेवत नाही, असं सांगून आली. तिने ऐकून घेतलं, आत जाऊन पाणी आणून दिलं. दुकानाचा विषय तिने काढला नाही आणि अक्कानेही पुन्हा काढला नाही.